हेलिकॉप्टर नको, आधी मिनिटांचा हिशेब द्या

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ ही म्हण आपण फार सहज वापरतो. कुणी ट्रकखाली येऊन जगला, कुणी दरीत पडून परत आला, की घरातली बुजुर्ग माणसं एवढंच म्हणतात आणि शुक्र अदा करतात. शुक्र अदा करण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यानंतरच्या शांततेला. वेळ आली नव्हती म्हणजे नेमकं काय झालं होतं? फोन कुणी केला? किती मिनिटांत कोण पोचलं? रक्त कुणी थांबवलं? रुग्णालयाला आधी कळवलं होतं का? हे आपण विचारत नाही. जो वाचला नाही त्याच्याबाबत तर मुळीच विचारत नाही. त्याची वेळ आली होती, मामला खतम.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ‘आपोआप झालं’ हे वाक्य माझ्या धंद्यात चालत नाही. काही बंद पडलं तर का पडलं आणि पुन्हा सुरू झालं तर कशामुळे झालं, हे लिहून द्यावं लागतं. त्याच सवयीनं मी गेली काही वर्षं हवाई रुग्णवाहिकेच्या पथकांनी वाचवलेल्या लोकांच्या हकिगती वाचतो आणि ऐकतो आहे. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. ज्याला आपण चमत्कार म्हणतो तो बहुतेक वेळा बंदोबस्त असतो. कुणीतरी, कधीतरी, ओळखही नसलेल्या माणसासाठी करून ठेवलेला. आणि आपल्याकडे हेलिकॉप्टर कमी आहेत यापेक्षा हा बंदोबस्त मागायची आपल्याला सवय नाही, हे जास्त वाईट आहे.

हेलिकॉप्टरची गोष्ट, जी हेलिकॉप्टरची नाही

लंडनचं उदाहरण घेतो, कारण कंपनीच्या कामासाठी मी तिथे दोन वर्षं होतो. १९८८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं एक अहवाल काढला. गंभीर अपघातातल्या जखमींपैकी जे मरतात, त्यातले सुमारे एक तृतीयांश मृत्यू टाळता आले असते, असं त्यात म्हटलं होतं. सरकारी आरोग्यसेवा असलेल्या, रुग्णालयांची कमतरता नसलेल्या देशातली ही गोष्ट. माणसं रुग्णालयाअभावी मरत नव्हती, रस्त्यावरच्या पहिल्या तासात मरत होती. पुढच्याच वर्षी ‘लंडन्स एअर ॲम्ब्युलन्स’ ही धर्मादाय संस्था उभी राहिली. पहिल्या हेलिकॉप्टरचे पैसे एका वृत्तपत्रसमूहानं दिले. १९९० पासून ते हेलिकॉप्टर व्हाइटचॅपलमधल्या रॉयल लंडन रुग्णालयाच्या छतावरून उडू लागलं.

व्हाइटचॅपल म्हणजे बंगाली मुसलमानांचा मोहल्ला. रुग्णालयासमोर भाजी, मासळी, ओढण्यांचा बाजार आणि थोडं चाललं की ईस्ट लंडन मशीद. जुम्म्याला जाताना डोक्यावरून ते लाल हेलिकॉप्टर गेलं की तिथली पोरं मान वर करून बघतसुद्धा नाहीत, इतकं ते रोजचं आहे.

त्या हेलिकॉप्टरमध्ये स्ट्रेचर असतं, पण त्याचं मुख्य काम माणूस उचलून नेणं नाही. मुख्य काम म्हणजे अनुभवी डॉक्टर आणि पॅरामेडिक यांना जखमीपर्यंत नेणं. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जे होतं, त्यातलं बरंचसं ते फुटपाथवर करतात. भूल देतात, श्वासाची नळी घालतात, गरज पडली तर छाती उघडतात. २०१२ पासून ते सोबत रक्त घेऊन जातात आणि जागेवरच चढवतात. आणि ऐका, यातल्या पुष्कळ जखमींना पुढे रुग्णालयात साध्या रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेतून नेलं जातं, डॉक्टर सोबत बसतो. रात्री तर हे पथक हेलिकॉप्टरनं जातच नाही, मोटारीनं जातं. पंखा नाही, गर्जना नाही. डॉक्टर तोच, पिशवी तीच, रक्त तेच.

माझ्या टीममधला एक जण, घराणं सिल्हेटचं, जन्म तिथलाच, संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना वळणाऱ्या लॉरीखाली आला. कमरेची हाडं मोडली, आतून रक्तस्राव. तो वाचला. लोकांना सांगताना तो ‘एअर ॲम्ब्युलन्सनं मला वाचवलं’ असंच सांगतो आणि ते खरंही आहे. फक्त त्या रात्री ती एअर ॲम्ब्युलन्स चार चाकांवर आली होती.

हरवलेले तास

पण मला त्याच्याकडून शिकायला मिळालं ते दुसरंच. अपघातानंतरच्या साधारण तीन तासांतलं त्याला काहीच आठवत नाही. गंभीर जखमी माणसाचं बहुतेक असंच होतं. ब्रिटनमधल्या अनेक हवाई रुग्णवाहिका संस्थांनी यासाठी वेगळी माणसं नेमली आहेत. बऱ्याचदा त्या अनुभवी परिचारिका असतात. महिन्यांनी, रुग्ण सावरला की त्या त्याला भेटतात. त्याची इच्छा असेल तर त्या तासांत काय काय झालं ते सांगतात, पथकातल्या डॉक्टरांशी भेट घालून देतात. माझ्या सहकाऱ्याला असं सगळं कळलं. फोन कोणत्या मिनिटाला गेला, पहिली रुग्णवाहिका कधी आली, कमरेला पट्टा कधी आवळला, रक्ताची पहिली पिशवी कधी लावली. एका अनोळखी बाईनं आपला कोट काढून त्याच्या डोक्याखाली ठेवला होता, हेही त्याला तेव्हाच कळलं. तो म्हणाला, “माझे तीन तास हरवले होते, त्यांनी ते मला परत दिले.”

हे शक्य होतं कारण प्रत्येक मिनिटाची नोंद आहे. ही नोंद आठवणीसाठी केलेली नसते. पुढच्या जखमीसाठी केलेली असते. पथकं आपल्या केसेस पुन्हा उघडून बसतात, कुठे चार मिनिटं वाया गेली ते शोधतात आणि पद्धत बदलतात. आमच्या धंद्यात याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. सर्व्हर पडला की दोषी कोण हे न विचारता नेमकी कुठली कडी तुटली हे शोधायचं, असा नियम असतो. खरेदीच्या एका ॲपवर पैसे भरण्याची सोय अकरा मिनिटं बंद होती, म्हणून आम्ही नऊ पानी अहवाल लिहिला आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट. मी कोकणातला. माझ्या मामूला काही वर्षांपूर्वी मुंबई-गोवा महामार्गावर मोटारसायकलवरून जाताना मागून धडक बसली. डोक्याला मार होता. लोकांनी टेम्पोत घालून जवळच्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथून चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं. पुढच्या ठिकाणी, डोक्याचा डॉक्टर नाही, मुंबईला न्या, असं सांगितलं. शेवटी जमातीची गाडी मिळाली. मुंबई लांबच होती, पनवेलही आलं नाही. कागदावर लिहिलं आहे, ‘आणण्यापूर्वीच मृत.’ मामूच्या साडेपाच तासांची सरकारी नोंद म्हणजे हे दोन शब्द. पहिल्या ठिकाणी त्याला ऑक्सिजन लावला होता का? चिठ्ठी देण्याआधी कुणी पुढच्या रुग्णालयात फोन केला होता का? मामीला आजही माहीत नाही, आणि तिला सांगायला कुणी नेमलेलं नाही. जिथे वाचलेल्याला हिशेब मिळतो, तिथे न वाचलेल्याच्या घरच्यांनाही तो मागता येतो. आमच्याकडे दोघांनाही नाही.

यात कुणा एका डॉक्टरला किंवा ड्रायव्हरला फासावर द्या असं मी म्हणत नाही. कदाचित प्रत्येकानं आपल्यापरीनं केलं असेल. पण कडी तुटली कुठे हेच कळणार नसेल, तर पुढच्या माणसासाठीही ती तुटलेलीच राहणार.

घोषणा आभाळातून

आपल्याकडे मोठा अपघात झाला, नवा महामार्ग झाला, की ‘एअर ॲम्ब्युलन्स सुरू करणार’ अशी घोषणा होते. टाळ्या पडतात. बातमीसोबत चकचकीत हेलिकॉप्टरचा फोटो असतो. मी हेलिकॉप्टरविरोधी नाही. उत्तराखंडसारख्या डोंगराळ राज्यात ते हवंच. ऋषिकेशच्या एम्सनं ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टरची आपत्कालीन सेवा सुरू केली, ती योग्यच होती. पुढे मे २०२५ मध्ये तेच हेलिकॉप्टर केदारनाथला रुग्ण आणायला गेलं आणि उतरताना कोसळलं. सुदैवानं आतले सगळे वाचले. या सेवा अवघड असतात, महाग असतात, हवामानावर अवलंबून असतात. कोकणात जुलैच्या पावसात, धुक्यात, घाटात हेलिकॉप्टर किती दिवस उडेल, याचा विचार घोषणा करणाऱ्यानं केलेला असतो का?

भारतात एरवी ‘एअर ॲम्ब्युलन्स’ म्हणजे बहुतेक वेळा खाजगी कंपनीचं विमान. आत अतिदक्षता विभागासारखी सोय, एका शहराच्या रुग्णालयातून दुसऱ्या शहराच्या रुग्णालयात. लाखांत पैसे, तेही आधी. अपघाताच्या जागेशी तिचा संबंध नाही. मोबाइलवर क्यूआर कोडसकट फिरणारे मदतीचे संदेश तुम्हीही पाहिले असतील. रुग्णाला विमानानं हलवायचं आहे, रात्रीपर्यंत इतके लाख हवेत. आपण पैसे पाठवतो, पाठवायलाच हवेत. पण चार दिवसांनी दुसरा संदेश येतो, दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या रकमेचा. आपण दर वेळी एका माणसाचं विमान विकत घेतो. रस्ता कुणाचाच होत नाही.

खरी गोष्ट जमिनीवर आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यातल्या २३३ अत्याधुनिक उपकरणांच्या, ७०४ प्राथमिक सोयीच्या. सोबत डॉक्टर, आणि रुग्णाला पैसे पडत नाहीत. ही आपल्या राज्यातली फार मोलाची गोष्ट आहे, आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. भागाकार करा. सुमारे एक लाख वीस हजार माणसांमागे एक गाडी. अत्याधुनिक गाडी तर पावणेपाच लाखांहून जास्त माणसांमागे एक. म्हणून हेलिकॉप्टरची घोषणा झाली की माझा पहिला प्रश्न असतो, आमच्या तालुक्यातली १०८ ची गाडी गेल्या महिन्यात सरासरी किती मिनिटांत पोचली? उत्तर संगणकात आहे. फोन नियंत्रण कक्षात जातो, वेळ नोंदली जाते, गाडीला जीपीएस आहे. पण तालुकावार, दर महिन्याला, सामान्य माणसाला वाचता येईल असा तो तक्ता कुठे लावलेला मला तरी दिसलेला नाही.

‘हे श्रीमंत देशांचे लाड आहेत’, असं कुणी म्हणेल. डॉक्टर, गाड्या, रक्त यांना पैसा लागतो, कबूल. तक्ता लावायला किती लागतो? इंग्लंडमध्ये रुग्णवाहिका किती वेळात पोचल्या याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. चांगले असोत की लाजिरवाणे. डिसेंबर २०२२ मध्ये हृदयविकार, पक्षाघात अशा रुग्णांच्या गटात सरासरी वेळ दीड तासाच्या वर गेला होता. उद्दिष्ट होतं १८ मिनिटांचं. म्हणजे तिथेही स्वर्ग नाही. पण आकडा जाहीर होता, म्हणून संसदेत आणि वर्तमानपत्रात ओरड झाली आणि सरकारला उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडे ओरडायलाच आकडा नाही.

उपकार, बिल आणि हक्क

आता प्रश्न येतो पैशाचा. २० सप्टेंबर २००६ रोजी बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमाचा निवेदक रिचर्ड हॅमंड जेट इंजिनच्या गाडीतून ताशी साडेचारशे किलोमीटरहून जास्त वेगात जाताना उलटला. यॉर्कशायर एअर ॲम्ब्युलन्सनं त्याला लीड्सच्या रुग्णालयात नेलं. मेंदूला मार बसूनही तो बरा झाला. त्याच्या चाहत्यांनी त्या संस्थेसाठी एक लाख ऐंशी हजार पौंडांहून जास्त रक्कम जमवली. इंग्लंड-वेल्समधल्या हवाई रुग्णवाहिका मुख्यतः अशाच लोकवर्गणीवर चालतात. केक विकून, लॉटरीची तिकिटं काढून, शर्यती धावून. वाचलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक यात पुढे असतात. माझा सहकारी काठी टेकत दहा किलोमीटर चालला आणि त्यानं टीममधल्या प्रत्येकाकडून पैसे वसूल केले.

मला या गोष्टीचं कौतुक आहे आणि तिच्याबद्दल शंकाही आहे. कौतुक यासाठी, की देणारा ज्याला वाचवणार त्याचं नाव त्याला माहीत नसतं. शंका यासाठी, की जीव वाचवण्याची सेवा केकच्या विक्रीवर का टांगलेली असावी? वर्गणी कमी पडली तर? तिथलेही लोक हा प्रश्न विचारतात. स्कॉटलंडमध्ये सरकारी सेवेची स्वतःची हेलिकॉप्टर आणि विमानं आहेत, जोडीला एक धर्मादाय संस्था.

अमेरिकेत दुसरं टोक. तिथे माणूस वाचायचा आणि नंतर घरी हजारो डॉलरचं बिल यायचं. बेशुद्ध असताना कुठल्या कंपनीचं हेलिकॉप्टर आलं हे त्यानं निवडलेलं नसायचं, तरी विमा कंपनी हात वर करायची. हे थांबवायला कायदा करावा लागला, तो २०२२ पासून लागू झाला. रस्त्यावरच्या रुग्णवाहिका मात्र त्या कायद्यातून सुटल्या.

मला पटतो तो जर्मनीतला रस्ता. त्याची सुरुवात वाचलेल्या माणसापासून होत नाही, न वाचलेल्या मुलापासून होते. ३ मे १९६९. श्टुटगार्टजवळच्या विनेन्डेन गावात आठ वर्षांचा ब्यॉर्न श्टायगर पोहून घरी येत होता. मोटारीची धडक बसली. लोकांनी लगेच फोन केले. रुग्णवाहिका यायला जवळजवळ एक तास लागला. मुलगा वाटेतच गेला. जखमांनी नव्हे, तर शॉकनं. आई-वडिलांनी दोन महिन्यांत संस्था काढली. पण त्यांनी मुलाच्या नावाची एक गाडी दान करून समाधान मानलं नाही. रस्त्याकडेला मदतीचे फोन बसवले. रुग्णवाहिकेत वायरलेस हवा म्हणून लढले. देशभर एकच आपत्कालीन क्रमांक हवा म्हणून सरकारच्या मागे लागले, आणि १९७३ मध्ये तो निर्णय करून घेतला. हवाई बचावसेवा उभी करण्यातही त्यांचा हात होता. आज जर्मनीत गरजेला हेलिकॉप्टर आलं तर त्याचे पैसे आरोग्य विमा भरतो. जखमी माणूस कोण, त्याचे चाहते किती, हा प्रश्न येत नाही.

आपल्याकडेही एक वाचलेला माणूस आहे, ज्याची गोष्ट प्रत्येक तरुणानं वाचावी. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला. कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून त्याला परत पाठवलं. शेवटी खाजगी रुग्णालयात पदरचे पैसे घालून तो जगला. जगल्यावर तो ‘वेळ आली नव्हती’ म्हणून गप्प बसला नाही. आपल्या शेतमजूर संघटनेबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की आपत्कालीन उपचार वेळेवर न देणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. पण त्याहून मोठं पुढे आहे. कुठे खाट रिकामी आहे हे कळण्यासाठी मध्यवर्ती संपर्कयंत्रणा हवी आणि रुग्णवाहिकेत उपकरणं व प्रशिक्षित माणूस हवा, हे त्याच निकालात आहे. १९९६ मध्ये! म्हणजे मामूला चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं, त्याच्या कितीतरी आधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘आधी फोन करून खाट बघा’ एवढी साधी गोष्ट सांगून ठेवली होती.

त्यानंतरही कायदे झाले. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनं जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०२५ मध्ये अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची योजना आली. कागद भरपूर आहे. कागद रस्त्यावर आणणारं कुणी नाही.

आपली गाडी

आता आपल्या अंगणात. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक मोठ्या जमातीकडे एक ॲम्ब्युलन्स आहे. बाजूला देणगीदाराचं नाव, मरहूम वालिदांचं नाव, काचेवर एक जीव वाचवण्याबद्दलची आयत. आत एक स्ट्रेचर, कधी ऑक्सिजनचं नळकांडं, त्यात ऑक्सिजन असेल तर नशीब. चालवणारा मुलगा भला असतो, रात्री-अपरात्री उठून येतो. पण मागे रुग्णाजवळ बसतात ते रडणारे नातेवाईक. श्वास अडकला तर मान कशी ठेवायची, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नसतं. ही ॲम्ब्युलन्स नाही, ही स्ट्रेचर असलेली गाडी आहे. लंडनमध्ये हेलिकॉप्टरचं सगळं महत्त्व आतल्या माणसाला आहे. आपण सगळे पैसे पत्र्यावर घालतो आणि आतला माणूस विसरतो.

कोविडच्या दिवसांत आपल्या पोरांनी काय केलं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. घरचे जवळ यायला घाबरत होते, तेव्हा यांनी जात-धर्म न बघता मृतदेह उचलले, दफन केलं, चितेपर्यंत पोचवलं. मयतीला धावण्यात आपला हात कुणी धरणार नाही. निरोप आला की अर्ध्या तासात शंभर माणसं, कफन, कबर, सगळं तयार. यादी ठरलेली, कामं वाटलेली. मग मरणाच्या आधीच्या वीस मिनिटांत आपण कुठे असतो? तिथे यादी का नाही? जी जमात अर्ध्या तासात कबर खणून देऊ शकते, तिला दहा मिनिटांत छाती दाबायला जाणणारा माणूस पाठवता येणार नाही, हे मी मानत नाही.

‘मौत तो अल्लाह के हाथ में है,’ असं मला एका ज्येष्ठानं ऐकवलं. बरोबर आहे चाचा, पण मग औषधाची चिठ्ठी घेऊन तुम्ही सकाळी रांगेत का उभे होता? तकदीर मानणारा माणूसही रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो. तेवढंच मी सगळ्या मोहल्ल्याकडून मागतो आहे.

मग करायचं काय?

पहिलं, शिकून घ्या. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायची, वाहतं रक्त घट्ट दाबून धरायचं, हे एका दुपारी शिकता येतं. मशिदीच्या हॉलमध्ये, मदरशाच्या वर्गात, महिलांच्या बैठकीत हे वर्ग घ्या. बायकांना आधी शिकवा, कारण घरात माणूस कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच जवळ असतात. आणि दार उघडं ठेवा, शेजारच्या आळीतले गणेश मंडळाचे कार्यकर्ते आले तर अधिक चांगलं. रक्त कुणाच्या आळीतलं आहे हे छाती दाबणाऱ्याला विचारावं लागत नाही.

दुसरं, नवी गाडी दान करणं पाच वर्षं थांबवा. तेच पैसे आहे त्या गाडीत प्रशिक्षित माणूस ठेवायला, ऑक्सिजन भरायला, हृदयाला झटका देणारं यंत्र घ्यायला वापरा. देणगीदाराचं नाव हवं तर त्या माणसाच्या पगाराच्या पावतीवर छापा. आणि गंभीर रुग्ण असेल तर आधी १०८ ला फोन. आपली गाडी त्याला पर्याय नाही, पूरक आहे.

तिसरं, गाडीत एक वही ठेवा. फोन आला किती वाजता, निघालो, पोचलो, रुग्ण भरला, कोणत्या रुग्णालयानं परत पाठवलं आणि काय कारण सांगितलं. पाच रकाने. सहा महिन्यांनी ती वही घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांसमोर बसा. भाषण करू नका, वही उघडा.

चौथं, माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची मर्यादा. तेवढे पुरेसे आहेत. ‘आमच्या तालुक्यात गेल्या बारा महिन्यांत १०८ ला आलेले फोन, गाडी पोचायला लागलेला महिनावार सरासरी वेळ आणि गाडी बंद असलेले दिवस.’ एका अर्जानं काही होत नाही. प्रत्येक तालुक्यातून एक गेला, दर वर्षी गेला, तर तक्ता लावणं सरकारलाच सोयीचं होईल.

हा मुसलमानांचा वेगळा प्रश्न नाही. महामार्गावर पडलेल्या माणसाला एकच गाडी येते आणि ती उशिरा येते ती सगळ्यांसाठीच. पण सुरुवात कुणीतरी करायची असते, आणि ती आपण केली तर बिघडलं काय?

उद्या कुणी व्यासपीठावरून हेलिकॉप्टरची घोषणा केली तर टाळी वाजवा, पण लगेच हात वर करून विचारा, साहेब, आमची १०८ किती मिनिटांत येते? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.